शोभेचा पट्टा

धरणाच्या फुगवट्यात आमच्याकडे एक टेकाड आहे. श्रावणात पाणी चढलं की ते चारी बाजूंनी वेढलं जातं आणि होळीच्या आसपास उन्हाळी आवर्तन सुटलं, कालव्याला पाणी गेलं, की मागची वाट उघडी पडते. माझ्या लहानपणी तिथं गावाची गुरं चरायची आणि कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. आता तिथं 'आयलंड' आहे. तशी पाटीच काठावर लावली आहे आणि पाटीवर नारळाचं झाड रंगवलं आहे. टेकाडावर दोन बाभळी आणि घाणेरीचं रान आहे, नारळ म्हणाल तर सत्यनारायणाच्या कलशावर येईल तेवढाच.

हे आयलंड ज्यानं काढलं त्याला मी टेंटवाला म्हणतो. चांगल्या खात्यापित्या घरचा, बागायती जमीन असलेला माणूस. पण कांद्यात राम राहिला नाही म्हणाला आणि टेकाडावर वीस-बावीस तंबू ठोकले. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दर शुक्रवारी पुण्यामुंबईच्या मोटारी काठावर येऊन उभ्या राहतात. ही माणसं शांतता हवी म्हणून येतात आणि येताना स्पीकर घेऊन येतात. चुलीवरची भाकरी हवी असते, पण चुलीचा धूर नको असतो. पोरांना निसर्ग दाखवायचा असतो, म्हणून टेंटवाल्यानं निसर्गाची सोय केली. बाजाराच्या गावातून कुत्र्याची पिल्लं टोपलीत घालून आणली आणि पाहुण्यांच्या पोरांपुढे सोडली.

पिल्लू दोन महिने पिल्लू असतं. पुढे ते कुत्रं होतं, आणि कुत्र्याबरोबर फोटो काढायची हौस कुणाला नसते. मग टेंटवाला नवी टोपली आणायचा. जुनी कुत्री शनिवार-रविवार पाहुण्यांची हाडकं चघळायची आणि सोमवारपासून काठाकडे तोंड करून बसायची. त्यांत भर म्हणून एकदोन मोटारी येताना कुत्रं घेऊन आल्या आणि जाताना विसरून गेल्या. त्यातलं एक चपट्या नाकाचं, भरघोस केसांचं होतं. ज्यांनी त्याला वर्षभर एसीत निजवलं, त्यांनी त्याला उन्हाळ्याच्या तोंडावर उघड्या टेकाडावर सोडलं. आठवड्यात मेलं. अशा माणसांना वाघानं खावं असं मला वाटतं, पण आमचा बिबट्या निवडून खात नाही.

मी सगळी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात केली. माझं पद व्रणोपचारक. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि साहेब गावात नसले की जे समोर येईल ते निभवायचं. साहेब बहुतेक नसायचेच. पंचक्रोशीतल्या गाईंची वासरं मी ओढून काढली, बैलांचे सुजलेले खांदे मी बरे केले, आणि लोक मला डॉक्टर म्हणत आले. कागदावर मात्र शेवटपर्यंत व्रणोपचारकच. निवृत्तीच्या दिवशी मानपत्र दिलं, त्यात तर 'वर्णोपचारक' छापलं होतं. बायको म्हणाली, आता लोकांना गोरं करायचं दुकान काढा. मी ते मानपत्र माळ्यावर टाकलं.

तर एक दिवस टेंटवाल्याचा फोन आला. एका कुत्रीच्या मानेत किडे पडले होते. त्याला कुत्रीची काळजी होती अशातला भाग नाही. तो म्हणाला, "पावणं नाश्त्याला बसत नाय ओ डॉक्टर, लई वास मारतोय." मी ओतूरहून स्कूटरवर काठापर्यंत गेलो, तिथून त्याच्या बोटीत. पिवळट रंगाची, एक कान फाटलेली कुत्री होती. मानेच्या दोन्ही अंगांना दातांची भोकं. बिबट्यानं धरली होती आणि कशी कोण जाणे, सुटली होती. मी किडे काढले, जखम धुतली, औषध भरलं. तिनं एकदाही दात दाखवला नाही. त्या टेकाडावर जाऊन मला आवडलेला तेवढा एकच जीव.

आमच्या भागात बिबट्या कुत्र्याची मानच धरतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याला उपायही घरगुती आहे. मळणी यंत्राचा जुना पट्टा कापायचा, त्याला खिळे ठोकायचे, टोकं बाहेर आणि डोकी आत, आतून गोणपाटाचं जाड अस्तर शिवायचं आणि तो पट्टा कुत्र्याच्या गळ्यात घालायचा. कुत्र्याला काही टोचत नाही. टोचतं ते मान धरणाऱ्याला. ओतूरच्या बाजारात चपला शिवणाऱ्या कारागिराकडून मी असे नऊ पट्टे करून घेतले, कारण तेव्हा टेकाडावर नऊ कुत्री होती.

पट्ट्यांचा आणि कुत्र्यांच्या भाकऱ्यांचा खर्च एका शेठनं उचलला. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. घराणं मूळचं मारवाडातलं, पण शेठ माझ्यापेक्षा अस्सल इथलं बोलतात. जैन माणूस, मुंग्यांना साखर घालतो, पण कुत्रं दुकानाची पायरी चढलं की छत्री घेऊन उठतो. भूतदया लांबून बरी, असं त्यांचं एकूण धोरण. तरी सोमवार ते गुरुवार बाजरीच्या भाकऱ्यांचं गाठोडं त्यांच्याकडून न चुकता यायचं, हे नाकारून चालणार नाही. ते मी नेऊन द्यायचो.

पौषात एका सकाळी पिवळीच्या पट्ट्याचे दोन खिळे वाकलेले दिसले आणि त्यांना वाळलेलं रक्त. तिच्या अंगावर ओरखडा नव्हता. बिबट्या पोहत आला असावा. तो पोहतो, पण उगाच भिजायला त्यालाही आवडत नाही, म्हणून पाणी असेपर्यंत क्वचितच येतो. खरी भीती वाट उघडी पडल्यावर. माघ सरताना पिवळी व्याली. पालथ्या घातलेल्या फुटक्या बोटीखाली तिची चार पिल्लं होती. मी हिशोब बांधला की पट्टा गळ्यात राहिला तर ती उन्हाळा काढेल, श्रावणात पाणी चढेल, आणि तोवर पिल्लं मोठी होतील. पिल्लं टोपलीत भरून पाहुण्यांपुढे मांडायची नाहीत असं मी टेंटवाल्याला बजावलं होतं. तो हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणतो.

आणि मग प्राणिमित्र आले.

पुण्याहून पंधराएक जण आले होते. सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टी-शर्ट, पाठीवर कुत्र्याच्या पंजाचा ठसा. अंगात पंजा आहे म्हणून कळायचं की हे प्राणिमित्र, नाहीतर शनिवारच्या पाहुण्यांत आणि त्यांच्यात फरक काय? त्यांनी बॅनर लावला, बॅनरपुढे फोटो काढला, मग कुत्री शोधायला निघाले. कुत्री बॅनरखालीच बसली होती. एकजण कुत्र्याशी इंग्रजीत बोलत होता. आमच्या कुत्र्यांना 'हाड' आणि 'यू यू' एवढंच कळतं, ती बिचारी मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहिली. लस टोचायला त्यांनी माणूस आणला होता. पिसाळण्याची लस सगळ्यांना टोचली, हे काम चांगलं झालं. मला ते कबूल करावं लागतंय याचाच मला राग आहे.

त्यांची म्होरकी एक ताई होती. पस्तिशीची असेल. हातात फायलीचं पॅड, प्रत्येक कुत्र्याचा वेगळा तक्ता. रंग, वय, नर-मादी, जखमा, बारीक अक्षरात भरत होती. टेंटवाल्यानं माझी ओळख करून दिली, हे आमचे डॉक्टर. तिनं दोन्ही हात जोडले आणि डॉक्टर, डॉक्टर करत माझ्यामागे फिरायला लागली. मी दुरुस्ती केली नाही. तिनं पिवळीला पोटाशी धरून बसवलं होतं आणि पट्ट्याकडे निरखून बघत होती.

"डॉक्टर, हे खिळे कशासाठी असतात?"

आता इथे आमची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणं कमीपणाचं मानतात. खोडदला त्या अवाढव्य दुर्बिणी उभ्या आहेत, आकाशातलं ऐकणाऱ्या तबकड्या. परगावचा माणूस गाडी थांबवून विचारतो की हे काय आहे, तर रानातला आमचा गडी मान वर न करता सांगतो, पापड वाळवायला ठेवल्यात. विचारणारा हसतो, सांगणारा हसतो, मग विडीकाडी होते आणि खरं काय ते सांगितलं जातं. आधी तिरकं, मागून सरळ, असा तो रिवाज आहे. तिरक्यावर जो हसत नाही, तो परका.

मी म्हणालो, "शोभेला."

टेंटवाला तोंड फिरवून हसला. ताई हसली नाही. तिनं पिवळीच्या मानेवरून हात फिरवला आणि तक्त्यात काहीतरी लिहिलं. रिवाजाप्रमाणे मी आता खरं सांगायचं होतं. पण मला वाटलं, काय सांगायचं हिला? बिबट्याच्या मुलखात येऊन जिला खिळ्यांचा अर्थ लागत नाही, तिनं घरी जाऊन मांजर पाळावं. शिवाय ती हसली नाही याचा मला अपमान वाटला होता. मला निरगुडसरची एसटी गाठायची होती, मुलीकडे नातवाचं जावळ होतं. मी बोटीत बसलो आणि काठाला आलो.

निरगुडसरला मी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. पंगतीत हशा पिकला. तिकडे तर बिबट्याचा इतका त्रास झाला आहे की कांद्याच्या रानात ओणवं राहून काम करणाऱ्या बाया स्वतःच्या गळ्यात असे पट्टे घालतात. आमच्या विहीणबाईंचा पट्टा दाराशी खुंटीवर, खुरप्याशेजारी टांगलेला होता. त्यांनी तो काढून गळ्याला लावून दाखवला, आणि "शोभतोय का?" म्हणून विचारलं. सगळे पुन्हा हसले. हसून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "पन मागून खरं सांगितलं ना व तिला?"

"सांगितलं की," मी म्हणालो, आणि पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं.

तिथं चार दिवस राहिलो. आवर्तन सुटल्याचं तिसऱ्या दिवशी जावयानं सांगितलं, त्यांच्याकडेही पाण्याची वाट बघतच होते. टेकाडाची मागची वाट आता उघडी पडणार एवढं माझ्या मनात येऊन गेलं. पण गळ्यात पट्टे आहेत म्हणून मी निर्धास्त होतो. पाचव्या सकाळी टेंटवाल्याचा फोन आला.

"डॉक्टर, पिवळी नाय वो कुठं. पिल्लं लई केकाटत्यात."

मी मुलीच्या घरचा चहा अर्धा टाकून निघालो. टेकाडावर पोचलो तेव्हा कुत्री धावत आली आणि मी जागीच थांबलो. एकाच्याही गळ्यात खिळ्यांचा पट्टा नव्हता. सगळ्यांना नारिंगी रंगाचे मऊ पट्टे घातले होते, अंधारात चमकणारे, त्यावर तोच तो पंजा. टेंटवाल्याला विचारलं तर म्हणाला, तुम्ही गेलात आणि त्या ताईनं एकेक पट्टा काढून पोत्यात भरला. हा क्रूरपणा आहे म्हणाली. मी विचारलं, तू तोंडात काय धरलं होतंस? त्यावर तो म्हणाला, त्याला वाटलं डॉक्टरांशी बोलणं झालंय. शिवाय नारिंगी पट्टे पाहुण्यांच्या फोटोत चांगले दिसत होते. हे ऐकून मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मागची वाट चिखलातून वर आली होती आणि चिखलात पंजे स्पष्ट उठले होते, टी-शर्टावरच्या पंजापेक्षा मोठे. घाणेरीच्या जाळीत पिवळीचा नारिंगी पट्टा सापडला. बक्कल शाबूत होतं, कापड तेवढं फाटलं होतं. बोटीखाली चार पिल्लं एकमेकांवर चढून ओरडत होती. डोळे उघडले होते, पण अजून खायला शिकली नव्हती. मी खाली बसलो आणि एकेकाला बाहेर काढलं. त्यातलं एक माझं बोट चोखायला लागलं.

मला खूप राग आला होता, आणि राग आला की मला बरं वाटतं, कारण मग दुसरं काही वाटत नाही. मी तिथूनच ताईला फोन लावला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तुमची जात त्यातली, असं सुरू केलं. मोबाइलवर दया करणारी माणसं, उंटावरचे शहाणे, असं बरंच बोललो. तिच्या टी-शर्टापासून बॅनरपर्यंत काही सोडलं नाही. शेवटी तिनं फक्त एवढंच विचारलं की बाकीची आठ कुत्री कुठे आहेत, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आली. टी-शर्ट नव्हता, साधा सलवार-कमीज होता. मोटारीतून तिनं पोतं काढलं, त्यात माझे नऊच्या नऊ पट्टे होते. पुण्यात त्यांचे फोटो काढून लोकांना दाखवले होते म्हणे, बघा गावात जनावरांना कसं वागवतात. ते तिनंच मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं. रात्रभर जुळवून ठेवलेली आणखी चार वाक्यं माझ्या जिभेवर होती. टेंटवाला बोटीचा दोर धरून, मजा बघायला मिळणार म्हणून, ताटकळत उभा होता.

ताईनं फाइल उघडली आणि एक तक्ता काढून माझ्यापुढे धरला. बारीक, नीट अक्षर. पिवळी मादी, डावा कान फाटलेला. मानेवर जुने व्रण, उत्तम भरलेले. चार पिल्लं. गळ्यात खिळ्यांचा पट्टा. आणि खाली दोन रकाने होते. पट्ट्याचं कारण, शोभेसाठी. माहिती देणारे, डॉक्टर.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं. टेंटवाल्यानं दोर सोडला आणि बोटीतलं पाणी उपसायला लागला, जे बोटीत नव्हतंच. ती चार वाक्यं बाजूला ठेवून मी तिला सांगितलं की बिबट्या मान धरतो, खिळे त्याच्यासाठी असतात, आतून गोणपाट असतं, कुत्र्याला टोचत नाही. सगळं सरळ सांगितलं, एका दमात. ते सांगायला मोजून अर्धं मिनिट लागलं असेल. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "एवढंच होतं?"

एवढंच होतं.

मग आम्ही आठ कुत्र्यांना पट्टे चढवले. ती कुत्रं धरायची, मी बक्कल लावायचो. खिळ्यांनी तिच्या मनगटावर दोनदा ओरखडे काढले, तरी तिनं कुत्रं सोडलं नाही. नववा पट्टा पोत्यात राहिला, दोन खिळे वाकलेला. चार पिल्लं मी घरी आणली. शेठनं दूध पाठवलं आणि निरोप पाठवला की पिल्लं दुकानाकडे आणू नका. पिचकारीनं दूध पाजताना त्यातली दोन गेली. दोन जगली आणि आता माझ्या दारात मोकाट भुंकतात. बायको त्यांना तुमचे असिस्टंट म्हणते.

माझ्या स्वभावात काही फार फरक पडला असं समजू नका. जित्याची खोड. हिरवे टी-शर्ट दिसले की मला अजून हसू येतं, आणि आयलंडच्या पाटीवरचा नारळ बघून तर दर खेपेला येतं. टेंटवाल्यानं या दिवाळीत पुन्हा टोपली आणली, त्याला मी माणसात धरत नाही. ताई मात्र दर दोन महिन्यांनी येते. मळणीचा पट्टा नि खिळे घेऊन येते, आणि काहीही विचारायचं असलं की आधी माझ्या तोंडाकडे बघते, मी हसतोय की काय ते तपासून मगच लिहून घेते.

पिवळीचा तो तक्ता मी तिच्याकडून मागून घेतला. कशाला हवाय असं तिनं विचारलं, तेव्हा मी तो घडी घालून खिशात ठेवला. मानपत्र माळ्यावर आहे, पण हा कागद माझ्या औषधाच्या पेटीत, वरच्या कप्प्यात असतो. उभ्या आयुष्यात ज्याच्यावर मला कुणी डॉक्टर लिहिलंय, असा तो एकच कागद माझ्याकडे आहे.